कोकोचं पातेलं

“आई, आज घरात सॉसेज केलंय का गं?” दोर्काने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं आणि एमोके शेगडीकडे वळली.

सॉसेज नव्हतं. शेगडीवर दूध होतं, चर्चमधल्या पोरांच्या कोकोसाठी तापत ठेवलेलं, मोठं पातेलं भरून. एमोकेने झाकण उचललं. वाफेबरोबर लसूण वर आला, त्यामागून मरव्याचा वास आला, आणि त्याच्याही मागून काहीतरी जुनं, चरबीचं. तिने झाकण परत ठेवलं. मग पुन्हा उचललं. वास होताच.

“तू जा, केस विस्कटतील,” ती दोर्काला म्हणाली. पोरीच्या वेणीत नुकतीच पांढरी फुलं माळून झाली होती. “आणि काही तोंडात टाकू नकोस.”

“मला ठाऊक आहे. तू पहिल्या बाकावर बसशील ना? बाबा तर येणारच नाहीत.”

“बसेन गं. जा आता.”

या गावात पहिल्या ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे वेदीपाशी पवित्र भाकर पहिल्यांदा तोंडात घेण्याच्या दिवशी, मुलं उपाशीपोटी जातात. नियम आता तितका कडक राहिलेला नाही, फक्त आधीचा तासभर काही खाल्लं नाही की पुरतं असं फादर स्वतः सांगतात, पण इथल्या आज्यांना फादरपेक्षा जास्त कळतं. प्रार्थना संपली की पांढऱ्या झग्यातली ती उपाशी पोरं चर्चमागच्या दालनात धावतात आणि तिथे त्यांना गरम कोको मिळतो, बरोबर कलाच, म्हणजे वेणी घालून भाजलेला गोड पाव. तो कोकोत बुडवून खायचा. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, त्या दिवशी फादर काय बोलले हे त्याला आठवणार नाही. कोको आठवेल.

वर्षानुवर्षं तो कोको गिझीकाकू करायच्या. त्यांचा खांदा धरला तेव्हापासून कोको दुकानातल्या खोक्यांतून यायला लागला, गार आणि नळीने ओढायचा, आणि पोरं तो अर्धा टाकून द्यायची. म्हणून यंदा आयांची बैठक बसली. औषधदुकानवाल्याची बायको नोएमी म्हणाली, परदेशी डब्यातली तयार पूड आणू, गरम दुधात ढवळली की झालं, प्रत्येकीने वर्गणी काढायची. वर्गणीचं नाव निघताच निम्म्या बायका आपापल्या पर्सच्या चेनकडे बघायला लागल्या. तेवढ्यात एमोकेच्या तोंडून निघून गेलं.

“डबे कशाला? साधी कोको पूड, साखर, दूध. स्वस्तात होतं. मी घरी करून आणते.”

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. नोएमी गोड हसली. “नदीपलीकडची माणसं काटकसरी असतात, ऐकलं होतं हं मी. पण पोरांना पाणी नको पाजूस म्हणजे झालं.”

“सगळं दुधातलं करीन,” एमोके म्हणाली. कान तापले होते तिचे.

नदीपलीकडची. तिसा नदी ओलांडली की प्रोटेस्टंट गावं लागतात, त्यातलं एक तिचं माहेर. लोरांतशी लग्न करून ती या कॅथलिक गावात आली तेव्हा दोर्काचा पत्ताही नव्हता, आता दोर्का ख्रिस्तप्रसादाला बसली, तरी बेकरीत कुणी तिच्याबद्दल बोलायला लागलं की ‘अगं ती, नदीपलीकडची’. नवरा ऑस्ट्रियात बांधकामावर, आज रजा नाही म्हणाला. चर्चमध्ये काही काम निघालं की एमोकेला रुमालांच्या घड्या घालायला देतात. दरवर्षी रुमाल. घड्या घालून घालून तिला रुमालांचा वीट आला होता. आज पोरांनी तिच्या हातचा कोको पोटभर प्यायला असता, तर या गावात तिचंही काहीतरी म्हणून झालं असतं. आणि नाही प्यायला, तर जन्मभर ती लसणाच्या कोकोवाली, आणि दोर्का त्या लसणाच्या कोकोवालीची.

“आई,” तिने हाक मारली. “इकडे या जरा.”

सासू आली. इर्माबाईंनी ठेवणीतला पोशाख घातला होता, वरून एप्रन. त्या पातेल्यावर वाकल्या आणि बराच वेळ हुंगत राहिल्या.

“मला नाही बाई येत कसला वास.”

“लसणाचा येतोय. पोरीला दारातून आला.”

“मे महिना आहे, कुणीतरी अंगणात काही भाजत असेल.”

“सकाळी सहाला? चर्चच्या दिवशी?”

इर्माबाईंनी पुन्हा हुंगलं. “असेल जरासा. पण चांगला वास आहे.”

पातेलं त्यांचंच होतं. घराघरात एवढं मोठं पातेलं असतं ते एकाच कामासाठी. हिवाळ्यात डुक्कर कापलं की त्यात सॉसेज उकळायची, लसूण आणि मरवा घालून. एमोकेला हे काय ठाऊक नव्हतं? तिने ते पातेलं तीनदा घासलं होतं. सोड्याने, मग व्हिनेगरने, मग पुन्हा सोड्याने. उन्हात वाळवलं होतं. आत डोकं घालून वास घेतला होता, तेव्हा पत्र्याशिवाय कशाचाही वास नव्हता.

“झाकण कुणी घासलं?” तिने विचारलं.

“मी. का?”

एमोकेने झाकण उलटं केलं. कडेला पत्रा आत दुमडलेला होता आणि त्या दुमडीतून पिवळसर थेंब ओघळत होते. हिवाळ्यातली चरबी. झाकण एकटंच असतं तर ती कडेत निजून राहिली असती पुढच्या डिसेंबरपर्यंत. पण एमोकेला दोर्काची वेणी घालायची होती, दूध लवकर तापावं म्हणून तिने झाकण ठेवलं, वाफ लागली, आणि चरबी थेंब थेंब करून दुधात उतरली.

“तुम्ही दुमडीत ब्रश घातला नाहीत?”

“झाकणात कोण ब्रश घालतं? चाळीस वर्षं मी हे झाकण धुतेय, आजवर कुणी मेलं नाही.”

“सॉसेज खाऊन नाही मेलं.”

“माझ्यावर कशाला डाफरतेस? त्या गिझीकडे कोकोचं म्हणून वेगळं पातेलं आहे, ते मागायचं सोडून माझं घेतलंस. मी दिलं तेच चुकलं.”

हे खरं होतं, म्हणून एमोकेच्या नाकाला जास्तच मिरच्या झोंबल्या. गेल्या शरदात ती ते पातेलं मागायला गेली होती. झाडावरचे प्लम एकदम पिकले होते, मुरंब्याला मोठं भांडं हवं होतं. गिझीकाकूंच्या दारात तेव्हा चार बायका बसल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर गिझीकाकू म्हणाल्या, “या पातेल्यात कोकोशिवाय दुसरं काही शिजत नाही.” एवढंच. बस म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. एमोके रिकाम्या हातांनी परत आली आणि वाटेत तिने ठरवलं की या बाईकडे पुन्हा काही मागायचं नाही. मुरंबा तिने लहान लहान भांड्यांत केला, त्यातला निम्मा करपला, आणि प्रत्येक करपलेल्या भांड्यामागे तिने गिझीकाकूंना मनात एक शिवी हासडली.

आता तिने दुधात व्हॅनिलाची साखर ओतली. आधी एक पुडी, मग घरात होत्या नव्हत्या तेवढ्या. ढवळलं, चमच्यावर घेऊन चाखलं. लसूण होता तिथेच होता, फक्त आता गोड झाला होता.

“कोको टाक, कोकोखाली झाकला जाईल,” इर्माबाई म्हणाल्या.

“कोको वाया जाईल. तेवढाच आहे.” तिने शेगडी बंद केली आणि कपाळावर हात मारून घेतला. दूध गाईवाल्या घरून ठरवून आणलेलं, ताजं, सायीचं. पुन्हा मागायला गेलं तरी आज मिळणार नाही, सकाळची धार गेली डेअरीला. दुकानं रविवारची बंद. “आता हे काय करायचं?”

“डुकराला घालते,” सासूबाई म्हणाल्या. “पोसलं जाईल.”

“घाला. आणि डिसेंबरात परत याच पातेल्यात शिजवा.”

इर्माबाईंना यात काही टोमणा दिसला नाही. त्यांनी मान डोलावली.

एमोकेने कोकोची पूड, साखर आणि मीठ पिशवीत भरलं, फ्रिजमधलं होतं नव्हतं ते दूध काखोटीला मारलं, आणि सासूला सांगितलं की दोर्काला झगा तुम्ही घाला, चर्चला तुम्ही न्या. ती एप्रनवरच रस्त्यावर आली. बाभळीसारख्या पानांच्या, पांढऱ्या फुलांच्या झाडांखालून इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं हळूहळू चर्चकडे निघाली होती, आणि ती उलट्या दिशेने. नोएमीने फाटकातून हात हलवला.

“कोको झाला का गं?”

“होतोय,” एमोके म्हणाली आणि थांबली नाही.

गिझीकाकूंचं दार उघडंच होतं. त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या, काळा झगा, काळा रुमाल, जपमाळ हातात. टेबलावर ते पातेलं होतं, घासूनपुसून, आतून आरसा. शेजारी लांब लाकडी उलथनं, आणि दुधाच्या थोड्या पिशव्या.

एमोके उंबऱ्यात उभी राहिली. वाटभर तिने जी वाक्यं जुळवली होती त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

“पातेलं हवंय,” ती म्हणाली.

“आठवडाभर घासून ठेवलंय. आज उगवलीस होय?”

“मग सांगायचं होतं ना तुम्ही.”

“मी का सांगू? तू विचारायचं होतंस.”

“विचारलं होतं. गेल्या शरदात. चारचौघींसमोर तोंडघशी पाडलंत मला.”

“तू मुरंब्याला मागितलंस. मुरंब्याला नाही म्हटलं मी. एकदा मुरंबा शिजला की पुढच्या वर्षी दूध फाटतं. कोकोला कोण नाही म्हणालं तुला?” त्या जागेवरून उठल्या नाहीत. “तुझ्या अंगाला लसणाचा वास कसा येतोय?”

एमोकेने सांगितलं. झाकण, दुमड, चरबी, व्हॅनिला, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. स्वतःचा राग, सासूचा राग, समोरच्या या काळ्या रुमालाचा राग. एवढी वर्षं घड्या घातल्या आणि एक दिवस मिळाला, तोही एका झाकणाने खाल्ला.

गिझीकाकूंनी ऐकून घेतलं. “इर्मा कधीच झाकण नीट धुवत नाही,” त्या म्हणाल्या. “दूध किती आहे?”

दोघींचं मिळून अर्धं पातेलं होईना.

मग एमोकेने ते केलं जे तिला या गावात कुणाला दाखवायचं नव्हतं. तिने नळाखाली पातेलं धरलं आणि पाणी घेतलं.

“पाणी?” गिझीकाकू म्हणाल्या.

“आमच्याकडे असाच करतात.”

“नदीपलीकडे?”

“हो, नदीपलीकडे. आमच्याकडे गाय नव्हती, आईला पोरं मात्र भरपूर होती.” तिने कोको, साखर, चिमूटभर मीठ आणि दोन मुठी पीठ कोरडंच एकत्र केलं, गुठळ्या बोटांनी चिरडल्या, थोड्या गार पाण्यात त्याचा गुळगुळीत लगदा केला. तो उकळत्या पाण्यात सोडला आणि चकाकी येईपर्यंत शिजवला. कच्च्या पिठाची चव गेली की मगच दूध, धार धरून, हळूहळू. हात थांबवायचा नाही. थांबला की खाली लागतं आणि वर साय धरते, आणि साय दिसली की पोरं तोंड वाकडं करतात. तिची आई हे सगळं पाठीवर एक पोर बांधून करायची. एमोकेला लहानपणी वाटायचं, कोको असाच असतो. तो पैसे नसलेल्यांचा कोको असतो हे तिला इथे येऊन कळलं.

चर्चची घंटा वाजायला लागली.

ती ढवळत राहिली. घंटा थांबली, तरी ढवळत राहिली. खिडकीतून पहिल्या गाण्याचा आवाज आला. पातेलं मोठं, दूध गार, उकळी फुटायचं नाव नव्हतं. आता दोर्का रांगेत उभी असेल, आणि पहिल्या बाकावर तिला आजी दिसेल, आजीशेजारी रिकामी जागा दिसेल. बाप नाही, आई नाही. एमोकेला वाटलं की सगळं पातेलं उचलून अंगणात ओतावं आणि नोएमीला म्हणावं, आण तुझे डबे.

“तू जा,” गिझीकाकू म्हणाल्या.

“हात कसा थांबवू? साय धरेल.”

“मी ढवळते.”

“तुमचा खांदा?”

“डावा आहे ना.” त्या स्टुलावरून उठल्या आणि उलथनं तिच्या हातातून ओढून घेतलं. डाव्या हाताने ते त्यांना नीट धरताही येत नव्हतं. “मी एवढी वर्षं हा कोको केला. गावातल्या सगळ्या पोरांना कोको पाजला. त्यातल्या एकाचा ख्रिस्तप्रसाद मी पाहिला नाही. माझ्या मिहायचाही नाही. तो तिथे होता आणि मी इथे ढवळत होते. घरी येऊन त्याने विचारलं, आई, मी कसा दिसत होतो? मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार?” त्यांनी पातेल्यातच बघत ढवळलं. “एवढ्या वर्षांत एका बाईने येऊन म्हटलं नाही की काकू, द्या, आज मी ढवळते. सगळ्यांना वाटायचं मी पातेलं कुणाला हात लावू देत नाही.”

“तुम्ही देत नव्हताच.”

“मुरंब्याला,” गिझीकाकू म्हणाल्या. “जा आता.”

एमोके पळाली. एप्रन अंगावरच, चपलांत पीठ. चर्चचा मधला रस्ता माणसांनी भरला होता, पहिल्या बाकापर्यंत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ती मागच्या खांबाशी टाचा उंचावून उभी राहिली. दोर्का वेदीपासून परत वळत होती. हात जोडलेले, गाल आत ओढलेले, तोंडातलं काही पडू नये म्हणून ओठ घट्ट मिटलेले. रिकाम्या जागेशी आली तेव्हा तिचं तोंड उतरलं. मग तिने मागे बघितलं, एप्रनवाली आई दिसली, आणि फादरनी बघू नये अशा बेताने तिने बोटं हलवली. एमोकेनेही हलवली. तिला फक्त परत येतानाचं दिसलं, जातानाचं नाही. अर्धंच दिसलं. पण गिझीकाकूंना तेवढंही दिसलं नव्हतं, हे आठवून तिने तक्रार गिळली.

प्रार्थना संपता संपता ती गिझीकाकूंकडे परतली, आणि ती आणि गाईवाल्यांचा गडी पातेलं दालनात घेऊन आले तेव्हा कोकोवर साय धरली होती. जाड, सुरकुतलेली, पातेलंभर. डावा हात शेवटी डावाच. एमोकेने दात ओठ खात ती पळीने काढली, तरी तुकडे राहिलेच, आणि एका बाजूला खाली थोडं लागलंही होतं. पोरं तुटून पडली. एकाने सायीचा तुकडा बोटाने काढून टेबलाच्या कडेला चिकटवला, दुसऱ्याने तो पहिल्याच्या झग्याला लावला. कुणीतरी कप लवंडला. पांढऱ्या झग्यांवर तपकिरी थेंब पडायला लागले आणि आया रुमाल घेऊन धावल्या. रुमालांच्या घड्या यंदा कुणी घातल्याच नव्हत्या.

दोर्का कप दोन्ही हातांत धरून आली. तोंडावर कोकोच्या मिशा. “साय आहे यात.”

“माहीत आहे.”

“अजून दे.”

नोएमी उभ्याने कप संपवत होती. “दाट झालाय गं. सगळं दुधातलं, नाही?”

एमोकेने क्षणभर तिच्याकडे बघितलं. “निम्मं पाणी आहे,” ती म्हणाली. “आणि दोन मुठी पीठ. नदीपलीकडे असाच करतात.”

नोएमीने कपात डोकावून पाहिलं. मग कप पुढे केला. एमोकेने पळी भरून ओतला आणि त्यात मुद्दाम सायीचा एक तुकडा जाऊ दिला.

पातेलं रिकामं झालं. बायका झग्यांमागे, पोरं फोटोंमागे गेली, आणि तळाला करपलेल्या पातेल्यापाशी एमोके एकटी उरली. गिझीकाकू काठी टेकत आल्या, आत डोकावल्या.

“लागलं खाली,” त्या म्हणाल्या. “डाव्या हाताने नाही जमत मला. आता तूच घेऊन जा.”

“घासून संध्याकाळी आणून देते.”

“आणून कशाला देतेस? मी कुठे म्हटलं आणून दे?” आणि त्या वळल्या. दारात थांबून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी वेळेवर कामाला लाग. आणि ढवळायला कुणीतरी बरोबर घे, मिळालं तर.”

म्हणजे पुढच्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्या. दरवर्षी मे महिना, उकळी, साय, घंटा. एमोकेला हवं होतं ते मिळालं होतं. ते पंधरा लिटरचं होतं आणि तळाला करपलेलं होतं. ते डोक्यावर घेऊन घरी जाताना तिला हसावं की रडावं कळेना, आणि मान तर अशी दुखत होती की दोन्ही जमलं नसतं.

अंगणात इर्माबाई एप्रन बांधून डुकरासमोर उभ्या होत्या. डुक्कर व्हॅनिलाचं दूध मन लावून पीत होतं. त्यांनी सुनेच्या डोक्यावरचं पातेलं पाहिलं, जवळ आल्या, बोटाने वाजवून बघितलं, आत हात घालून खोली मापली.

“अगंबाई, हे तर आपल्यापेक्षा मोठं आहे. डिसेंबरात सगळी सॉसेजं एकाच खेपेला—”

“आई,” एमोके म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखीचा वाटेना. “या पातेल्यात कोकोशिवाय दुसरं काही शिजत नाही.”